गाईड निवडताना एच-इंडेक्स किती धरायचा? मेंदूविज्ञानातले पेपर आणि सायटेशन कसे वाचावेत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही घाटंजी तालुक्यातल्या, प्राणिशास्त्रात एम.एस्सी., सध्या सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवता, पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) पास आहात आणि मेंदूविज्ञानात पीएच.डी. करायची आहे. दोन गाईड समोर आहेत. सरांचे १४२ पेपर, गूगल स्कॉलरवर २,१५० सायटेशन (म्हणजे इतर पेपरांत आलेले उल्लेख), एच-इंडेक्स २४, पहिला पेपर १९९८चा. काम उंदरांवर: वनस्पतींचे अर्क देऊन स्मरणशक्ती आणि नैराश्याच्या चाचण्या. मॅडमचे ३१ पेपर, १,४८० सायटेशन, एच-इंडेक्स १६, पहिला पेपर २०११चा. काम मेंदूतल्या न्यूरोपेप्टाइडवर, म्हणजे चेतापेशी निरोपासाठी वापरतात त्या छोट्या प्रथिनांवर. स्कोपस या दुसऱ्या सूचीवर मात्र सरांचा एच-इंडेक्स १३ आणि मॅडमचा १४ दिसतो. कॉलेजातले सगळे म्हणतात, २४ वाले सर मोठे, तिकडेच जा. तुम्ही विचारता, कोणता आकडा खरा आणि कोणाकडे जावं.

यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. या संशोधकाच्या कामाचा त्या विषयावर किती परिणाम झाला, हा एक. आणि त्यांच्याकडे चार-पाच वर्षं काढली तर माझ्या हाती काय लागेल, हा दुसरा. सायटेशनचे आकडे पहिल्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर देतात. दुसऱ्याचं उत्तरही त्याच यादीत असतं, पण ते लेखकांच्या नावांच्या क्रमात शोधावं लागतं आणि तिकडे सहसा कोणी बघत नाही. तुमच्यासाठी दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

तरी आधी आकड्यांचा उलगडा करू. एच-इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. समजा एकाच्या पेपरांना ९०, ४१, ३३, २०, १२, ९, ८, ७, ५ अशी सायटेशन आहेत. सातव्या पेपरला ८ आहेत, म्हणजे सातपेक्षा कमी नाहीत. आठव्याला ७, म्हणजे आठपेक्षा कमी. तिथे थांबायचं, एच-इंडेक्स ७. आता पहिल्या पेपरची ९० सायटेशन उद्या ९०० झाली तरी एच-इंडेक्स सातच राहतो. म्हणजे एखाद्याने क्षेत्राची दिशा बदलणारं एकच काम केलं असेल, तर हा आकडा ते दाखवत नाही. शिवाय तो वयाबरोबर वाढतच जातो, कमी कधी होत नाही. म्हणून २७ वर्षं काम केलेल्याचा आणि १४ वर्षं काम केलेल्याचा एच-इंडेक्स शेजारी ठेवणं मुळातच चूक आहे. हिर्शनेच यावर उपाय दिलाय: पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागायचं. २०२५ धरून सरांचे २४ भागिले २७ म्हणजे ०.८९, मॅडमचे १६ भागिले १४ म्हणजे १.१४. चित्र लगेच उलटतं. पण या भागाकारावरही फार विसंबू नका. बाळंतपणाची रजा, प्राचार्यपदाचा भार, प्रयोगशाळाच नसलेल्या कॉलेजात गेलेली वर्षं, यातलं काहीच त्यात दिसत नाही.

आता २४ आणि १३ मधला फरक. खोटं कोणीच बोलत नाहीये. स्कोपस निवडक जर्नलंच घेतं आणि त्या जर्नलांमधून आलेली सायटेशनच मोजतं. गूगल स्कॉलर यंत्राने जाळ्यावरचं सगळं गोळा करतं: प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच टाकलेले पेपर), प्रबंध, परिषदांची स्मरणिका, पुस्तकातली प्रकरणं आणि पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलंही. त्यामुळे स्कॉलरचा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा दिसतो. मॅडमच्या १६ आणि १४ मधला फरक तसा नेहमीचा आहे. सरांच्या २४ आणि १३ मधली तफावत मात्र तपासण्यासारखी आहे आणि तिची कारणं तीन असू शकतात.

पहिलं कारण निरुपद्रवी आहे. स्कोपसवर एकाच माणसाची दोन-तीन खाती झालेली असतात. आपल्याकडे हे फार होतं. कधी वडिलांच्या नावासकट दोन आद्याक्षरं, कधी एकच, कधी गावंडे ‘डब्ल्यू’ने तर कधी ‘व्ही’ने, लग्नानंतर आडनाव बदललं की आधीचे पेपर वेगळ्याच नावावर राहतात. स्कोपसची वर्गणी नसली तरी लेखकाचा शोध मोफत घेता येतो. आडनाव आणि संस्था टाकून पाहा, दुसरं खातं सापडलं तर दोन्हीकडचे पेपर मिळून हिशेब करा. दुसरं कारण याच्या उलट. स्कॉलरने दुसऱ्याच एस. आर. वानखेडेंचे पेपर यांच्या खात्यात आपोआप ओढलेले असतात आणि ते कोणी काढलेले नसतात. यादीत मेंदूच्या पेपरांमध्येच काँक्रीटचा किंवा सोयाबीनच्या वाणाचा पेपर दिसला, तर समजून घ्या. ओर्किडचा (ORCID, संशोधकाची स्वतंत्र ओळख) सोळा आकडी क्रमांक असेल तर ती यादी सगळ्यात भरवशाची, कारण ती बहुतेक वेळा माणसाने स्वतः भरलेली असते. तिसरं कारण गंभीर आहे: पेपर आणि त्यांना आलेली सायटेशन, दोन्ही स्कोपस घेत नाही अशा जर्नलांतली. हे ठरवायला प्रत्यक्ष यादी उघडावी लागते.

ओला कापूस काट्यावर जास्त भरतो, म्हणून व्यापारी वजनाआधी गाठोड्यात हात घालून ओल बघतो. पेपरांच्या यादीतही तसा हात घालावा लागतो आणि त्याला फार वेळ लागत नाही. मोबाईलवर, बेताच्या नेटवर्कवर एका संध्याकाळी दोघांच्याही याद्या पाहून होतात.

पबमेडवर (जीव-वैद्यक पेपरांची मोफत सूची) आडनाव आणि आद्याक्षरं टाका, संस्थेचं किंवा शहराचं नाव जोडा. फक्त गेल्या सहा-सात वर्षांचे पेपर घ्या. प्रत्येक पेपरचं पहिलं आणि शेवटचं नाव वहीत लिहा. मेंदूविज्ञानात आणि एकूणच जीवशास्त्रात रीत अशी की पहिलं नाव हाताने काम केलेल्याचं, बहुधा पीएच.डी. करणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं, आणि शेवटचं नाव प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. पत्रव्यवहारासाठी कोणाचा ईमेल आहे तेही पाहा. आता मोजा. गाईड शेवटच्या नावावर किती पेपरांत आहेत? त्या पेपरांत पहिली नावं किती वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची? आणि किती पेपरांत गाईड मधेच कुठेतरी आठव्या-नवव्या जागी आहेत? मधल्या जागेचे पेपर खोटे नसतात, पण ते दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत झालेले असतात. तुम्हाला तिथे बसायचं नाही.

मग शोधगंगावर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या मोफत भांडारावर, जा. तिथे गाईडच्या नावाने प्रबंध शोधता येतात. प्रबंधातल्या विद्यार्थ्याचं नाव पबमेडच्या यादीत पहिल्या लेखकाच्या जागी येतं का ते जुळवा. एखाद्या गाईडकडून आठ प्रबंध झाले आणि त्यातल्या सहा जणांचा एकही पेपर पहिल्या नावाने नाही, तर एच-इंडेक्स ४० असला तरी मी तुम्हाला तिकडे जा म्हणणार नाही. उलट चार विद्यार्थी झाले आणि चौघांचेही दोन-दोन पेपर पहिल्या नावाने आहेत, तर ती प्रयोगशाळा माणसं घडवते. प्रबंधात नोंदणीची आणि सादर केल्याची वर्षं मिळाली तर तीही लिहा. साडेतीन वर्षांत होतं की सात, हे तिथेच कळतं.

यानंतर पेपरांचे प्रकार. सायटेशन कुठून आली हे समजल्याशिवाय २,१५० या आकड्याला अर्थ नाही. रिव्ह्यू लेखाला, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखाला, मूळ प्रयोगापेक्षा सहज कितीतरी जास्त सायटेशन मिळतात, कारण प्रस्तावनेत एका वाक्यात उल्लेख करायला तो सोयीचा असतो. पद्धतीच्या पेपरांचंही तसंच. प्रथिनं मोजण्याचा लोवरी यांचा १९५१चा पेपर आणि ॲसिटिलकोलिनएस्टरेज मोजण्याचा एलमन यांचा १९६१चा पेपर आजही उल्लेखले जातात, कारण ती पद्धत वापरली की नाव द्यावं लागतं. तिसरा प्रकार मोठ्या संघांचा. जगभरातल्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजसारख्या पेपरांत शेकडो लेखक असतात आणि सायटेशन हजारोंनी येतात. त्यात नाव असलं की एकूण सायटेशनचा आकडा फुगतो, पण त्यावरून त्या व्यक्तीचा प्रयोगशाळेतला हात समजत नाही. म्हणून दोघांचेही सर्वाधिक सायटेशनचे पहिले पाच पेपर घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा: मूळ प्रयोग, रिव्ह्यू, पद्धत की मोठा संघ; आणि गाईडचं नाव कुठे. सरांच्या २,१५० पैकी सहाशे एकाच रिव्ह्यूला असतील तर उरलेल्या १४१ पेपरांना सरासरी अकरा येतात. मॅडमची एकूण सरासरी ४८ च्या आसपास पडते, पण तिथेही एखादा रिव्ह्यू लपलेला असू शकतो. तीच चाळणी दोघांना लावा.

आता सरांच्या १४२ पेपरांकडे न्यायाने बघू, कारण संख्या जास्त म्हणजे काम हलकं असं नसतं. मेंदूविज्ञानात पेपर किती वेगाने होतात ते उपशाखेवर ठरतं. फोर्स्ड स्विम चाचणीत (नैराश्यासाठी, पाण्यात पोहायला लावून) उंदराची प्रत्यक्ष परीक्षा पाच-सहा मिनिटांची असते, एलिव्हेटेड प्लस मेझची (चिंतेसाठी, उंचावरच्या अधिक-चिन्हाच्या मार्गावर सोडून) पाच मिनिटांची. एक अर्क, एक मॉडेल, चार चाचण्या आणि मेंदूतली ऑक्सिडेटिव्ह ताणाची मोजमापं, असा आराखडा काही महिन्यांत पुरा होतो. पुढच्या वेळी अर्क बदलायचा. न्यूरोपेप्टाइडच्या कामात मेंदूत कॅन्युला (बारीक नळी) बसवायची, त्या पेप्टाइडला चिकटणारी अँटिबॉडी मागवून आधी ती खरी चालते का ते तपासायचं, काप घ्यायचे, पेशी मोजायच्या; एका पेपरला दीड-दोन वर्षं जाणं साधी गोष्ट आहे. म्हातारपणाचा अभ्यास असेल तर उंदीर दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत थांबावंच लागतं. तेव्हा १४२ आणि ३१ हे एकाच मापाने मोजायचे आकडे नाहीत.

वेगवान कामात बघायची गोष्ट वेगळी आहे: गटात प्राणी किती, आणि कोणाला काय दिलंय हे माहीत नसलेल्या माणसाने नोंदी घेतल्या का. आपल्याकडे गटात सहा उंदीर हा जणू नियमच झालाय. पण सहा-सहाच्या दोन गटांत ८० टक्के खात्रीने फरक पकडायचा असेल, तर तो फरक स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (प्राण्याप्राण्यांतल्या चढउताराच्या मापाच्या) सुमारे १.८ पट असावा लागतो. वागणुकीच्या चाचण्यांत इतका मोठा फरक क्वचित असतो. ०.८ पट फरक पकडायला एका गटात २६ प्राणी लागतात. ही अडचण फक्त आपली नाही. २०१३ मध्ये नेचर रिव्ह्यूज न्यूरोसायन्समध्ये आलेल्या एका विश्लेषणात मेंदूविज्ञानातल्या अभ्यासांची मध्यक सांख्यिकीय ताकद (खरा फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) २१ टक्क्यांच्या आसपास निघाली होती. तेव्हा एखाद्या प्रयोगशाळेच्या प्रत्येक पेपरात, प्रत्येक अर्क, प्रत्येक चाचणीत उपयोगी ठरतो आणि गटात मात्र सहाच प्राणी, तर मला शंका येते. एखादा पेपर ‘परिणाम दिसला नाही’ असं सांगणारा सापडला तर माझा त्या गाईडवरचा विश्वास वाढतो.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला तीच सगळ्यात आवडते. स्कॉलरवर पेपरखाली ‘उल्लेख करणारे’ असा आकडा असतो, त्यावर टिचकी मारा. उल्लेख करणाऱ्या पेपरांची यादी येते. वरच्या खुणेने त्या यादीतच शोधही घेता येतो. पहिले दहा-बारा उघडा आणि तुमच्या गाईडचं नाव नेमकं कुठे आलंय ते पाहा. प्रस्तावनेत पंधरा जणांच्या कंसात एक नाव, हा उल्लेख हलका. ‘आम्ही अमुकांची पद्धत वापरली’, हा उपयोगाचा. ‘अमुकांना असं दिसलं, आम्हाला दुसऱ्या जातीच्या प्राण्यातही तेच दिसलं’ किंवा ‘दिसलं नाही’, हा सगळ्यात वजनदार, कारण इथे कोणीतरी त्या निष्कर्षाशी प्रत्यक्ष झुंजलंय. अशा उल्लेखांची मोजणी कुठलाच इंडेक्स करत नाही, ती वाचूनच करावी लागते. उल्लेख करणारे कोण, हेही पाहा. तेच ते चार-पाच लेखक एकमेकांना उल्लेखत असतील किंवा निम्मे उल्लेख स्वतःचेच असतील, तर आकडा आतल्या आत फिरतोय. ज्या ग्रंथालयात स्कोपसची वर्गणी आहे तिथे स्वतःचे उल्लेख वगळून एच-इंडेक्स पाहता येतो. थोडे स्वतःचे उल्लेख मात्र चालतात. एकाच धाग्यावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला आपलं मागचं काम सांगावंच लागतं.

क्षेत्र आणि वर्ष लक्षात घेऊन तुलना हवी असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट (iCite) हे मोफत साधन वापरा. पबमेडमधले पेपरांचे क्रमांक तिथे चिकटवले की प्रत्येकाचं सापेक्ष सायटेशन प्रमाण मिळतं. १ म्हणजे त्याच क्षेत्रातल्या, त्याच वर्षीच्या, एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांच्या मधोमध. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातून निघालेल्या कामाला ०.६ किंवा ०.८ मिळत असेल तर मी ते चांगलं म्हणेन. गेल्या दोन वर्षांतल्या पेपरांचे आकडे मात्र कच्चे असतात, ते सोडून द्या.

सायटेशन कमी म्हणजे काम किरकोळ, असंही धरू नका. कामाचं मोल कळायला वेळ लागू शकतो. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागात) जागा ओळखणाऱ्या पेशी असतात हे ओ’कीफ आणि दोस्त्रोव्हस्की यांनी १९७१ मध्ये ब्रेन रिसर्चमध्ये पाच पानांत सांगितलं. ओ’कीफना त्यासाठीचं नोबेल २०१४ मध्ये मिळालं. आणि सायटेशन जास्त म्हणजे काम खरं, असंही नाही. अल्झायमरमध्ये एका विशिष्ट ॲमिलॉइड प्रथिनामुळे स्मृती जाते असं सांगणारा नेचरमधला २००६चा पेपर हजारो वेळा उल्लेखला गेला. त्यातल्या चित्रांत फेरफार झाल्याचं पुढे आलं आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. मेंदूविज्ञानात वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीची) आणि सूक्ष्मदर्शकाची चित्रं हाच पुरावा असतो, म्हणून दोन्ही गाईडची नावं पबपिअरवर (छापलेल्या पेपरांवर टिप्पण्या करण्याचं संकेतस्थळ) आणि रिट्रॅक्शन वॉचच्या (मागे घेतलेल्या पेपरांच्या) यादीत एकदा टाकाच. तिथे टिप्पणी असली म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही. लेखकाने मूळ चित्र दाखवून उत्तर दिलंय का, ते वाचा. स्वतःहून चूक सांगून पेपर मागे घेणाऱ्याबद्दल मला आदरच वाटतो. पण एकाच चित्राचे तुकडे तीन पेपरांत वेगवेगळ्या नावांनी दिसत असतील आणि उत्तर नसेल, तर तिथे नोंदणी करू नका. गाईडचा पेपर मागे गेला तर पहिल्या लेखकाचंही नाव त्यात कायमचं राहतं.

जर्नलांबद्दल थोडंच. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पेपरमागची सरासरी सायटेशन, जर्नलचा असतो, पेपरचा नाही. तो दोन वर्षांच्या खिडकीत मोजतात आणि जर्नलातल्या थोड्याच पेपरांवर तो उभा असतो. यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘केअरमध्ये होतं’ हा आधार आता पुरेसा नाही, आणि केअर असतानाही खऱ्या जर्नलांच्या नकली वेबसाइट चालतच होत्या. सरांच्या यादीतली शंका येणारी जर्नलं पबमेड आणि स्कोपसच्या यादीत आहेत का, आणि पेपर पाठवल्याची नि स्वीकारल्याची तारीख काय, एवढं पाहा. चार दिवसांत स्वीकारलेल्या प्रयोगाच्या पेपरला कोणी तपासलेलं नसतं. अख्खा पेपर वाचायचा असेल तर पबमेड सेंट्रलवर मोफत असलेले आधी घ्या. बाकीचे विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मिळतात. वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेमुळे जानेवारी २०२५ पासून सरकारी विद्यापीठांत बरीच मोठी जर्नलं उघडली आहेत.

आता ज्या गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत आणि तरी निर्णय फिरवू शकतात, त्या. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. सरांचा पहिला पेपर १९९८चा आहे, तेव्हा निवृत्तीचं वर्ष आधी विचारा. प्राण्यांवर काम करायला त्या संस्थेचं प्राणिगृह नोंदणीकृत हवं आणि नीतिसमितीची परवानगी चालू हवी. ती नसेल तर आरआरसीत (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीत) विषय मंजूर होऊनही प्रयोग अडतो. न्यूरोपेप्टाइडच्या कामात अँटिबॉडीचा खर्च मोठा असतो, म्हणून मॅडमकडे सध्या प्रकल्पाचा निधी आहे की सगळं विद्यार्थ्याच्या फेलोशिपवर चालतं, हे मोकळेपणाने विचारा. तुम्ही बार्टी, सारथी किंवा महाज्योतीच्या फेलोशिपला पात्र असाल तर तो हिशेबही आधीच करा. घाटंजीहून रोज येणं-जाणं करून मेंदूचे काप घेणं जमत नाही. रंगवण्याच्या पायऱ्या रात्रभर चालतात, मुक्काम लागतोच.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माझा कल मॅडमकडे आहे: स्कॉलर आणि स्कोपस दोन्हीकडे जवळपास सारखा एच-इंडेक्स, कमी वर्षं, दर पेपरमागे जास्त उल्लेख. पण सरांकडच्या पाच विद्यार्थ्यांचे पहिल्या नावाने चांगले पेपर निघाले आणि मॅडमकडे एकही प्रबंध पूर्ण झालेला नसेल, तर मी सरांकडे जायला सांगेन. दोघांकडेही सध्या काम करणाऱ्या एकेका विद्यार्थ्याला गाईडच्या समोर नाही, बाहेर चहाच्या टपरीवर भेटा आणि तीनच गोष्टी विचारा: पहिला पेपर नोंदणीनंतर किती महिन्यांनी पाठवला, पहिलं नाव कोणाचं असेल हे केव्हा ठरलं, आणि प्रयोगाचं उत्तर मनासारखं आलं नाही तेव्हा गाईड काय म्हणाले.